टोमॅटोला पाणी कमी पडतंय हे पान सुकायच्या आधी कसं ओळखायचं: टेम्परेचर गनची पद्धत

दुपारी पानं माना टाकतात तेव्हा आपण मोटर चालू करतो, पण तोवर ताण बसून गेलेला असतो. टोमॅटोत मग फुलगळ होते, पाणी कधी कमी कधी जास्त झालं की फळाच्या बुडाला काळा डाग पण येतो. हा ताण पानात आधीच सुरू झालेला असतो, फक्त आपल्या डोळ्याला दिसत नाही.

माठ पाझरतो म्हणून गार राहतो ना, पानाचंही तसंच आहे. मुळाला पाणी कमी पडलं की झाड पानावरची पर्णरंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, मिटून घेतं, वाफ बाहेर जायची कमी होते आणि पान तापायला लागतं. तापलेल्या वस्तूतून इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा) प्रकाश जास्त निघतो, टेम्परेचर गन म्हणजे लांबूनच तापमान सांगणारं यंत्र तोच मोजतं.

आधी गन घ्या. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत बघा. कोविडमध्ये कपाळासमोर धरायचे ती नको, ती माणसाच्या तापापुरतीच असते. इंडस्ट्रियल घ्या, जिच्यावर 12:1 लिहिलंय अशी, आणि एमिसिव्हिटी (वस्तू किती इन्फ्रारेड सोडते त्याचं गनमधलं सेटिंग) 0.95 ठेवा, पानांना चालते. 12:1 म्हणजे 30 सेंमीवरून धरली तर साधारण अडीच सेंमीचा गोल मोजला जातो, मीटरभर लांबून धरली तर आठ सेंमीचा. लाल ठिपका फक्त नेम धरायला असतो, मोजणं त्या सगळ्या गोलाचं होतं, त्यामुळे गोलात माती आली की आकडा गेलाच, कारण एप्रिलच्या उन्हात उघडी माती पानापेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते. मी पहिले दोन दिवस लांबून मोजत होतो, सगळा प्लॉट तहानलेला वाटला आणि गरज नसताना पाणी दिलं, खूप वाईट वाटलं नंतर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नुसत्या आकड्याला अर्थ नाही. पान 33 डिग्री आहे, हे जास्त की कमी? ते त्या दिवसाच्या ऊन, वारा, दमटपणावर ठरतं. म्हणून एका सरीतली आठ-दहा झाडं राखून ठेवा, त्यांना आदल्या संध्याकाळी पोटभर पाणी द्या, पण दुसऱ्या दिवशी वाफसा (माती ओलसर पण मोकळी) हवा, चिखल नको, कारण मुळं गुदमरली तरी पान तापतं. हीच झाडं तुमचं माप.

वेळ दुपारी साडेबारा ते अडीच, आभाळ मोकळं हवं. ढग आला तर थांबा, ऊन परत पडलं की पाच-दहा मिनिटांनी मोजा. आमच्याकडे दिवे घाटाच्या वर वारा फार, झुळूक चालू असताना मोजू नका. वरची, उन्हातली, पूर्ण वाढलेली पानं घ्या, स्वतःची सावली पडू देऊ नका, दर सरीत दहा झाडं मोजून सरासरी वहीत लिहा.

राखलेल्या झाडांपेक्षा डिग्रीभर फरक असेल तर सोडून द्या. दोन-तीन डिग्री जास्त आणि सलग दोन दिवस तसंच, तर खुरपं घ्या. माझ्या प्लॉटमध्ये राखलेली पानं 31 होती आणि सातव्या सरीच्या शेवटाला 35, दिसायला दोन्ही तितकीच हिरवीगार. बुडाशी चार बोटं उकरलं, माती मुठीत धरली तर गोळाच होईना. ड्रिपर क्षाराने चोक झाले होते. माती ओली निघाली असती तर मात्र मूळ उपटून बघावं लागलं असतं, मूळकूज किंवा सूत्रकृमीनेही पान असंच तापतं, तिथे पाणी वाढवलं तर उलट नुकसान.

क्षेत्र मोठं असेल तर कोपर्निकस ब्राउझर या वेबसाइटवर सेंटिनेल-2 या युरोपच्या उपग्रहाचा मॉइश्चर इंडेक्स (ओलाव्याचा आकडा) फुकट बघता येतो. तो तापमान नाही, पानातलं पाणी कुठला प्रकाश शोषून घेतं त्यावरून काढतात. पण त्याचा एक चौकोन 20 मीटरचा, म्हणजे जवळपास चार गुंठे, त्यामुळे दहा गुंठ्याच्या तुकड्यात बांध आणि शेजारचा ऊस पण मिसळतो, आणि पावसाळ्यात ढगांमुळे कित्येक दिवस काहीच दिसत नाही. ऊसवाल्यांनी जरूर वापरा, वेगळा दिसणारा पट्टा शोधा आणि दुपारी गन घेऊन तिथेच जा.