प्रसून भाषेचे शब्द देवनागरीत नोंदवताना

अफगाणिस्तानच्या नूरिस्तान प्रांतात, पारुन खोऱ्यातील मोजक्या सहा गावांत प्रसून भाषा बोलली जाते. हिंद-इराणी कुळात भारतीय-आर्य आणि इराणी यांच्या जोडीला जी तिसरी, नूरिस्तानी शाखा आहे, तिच्यातली ही भाषा असल्यामुळे तिला फारसीची किंवा पश्तोची बोली समजून कामाला बसू नये. जुन्या लेखनात या शाखेला ‘काफिरी’ म्हटलेले आढळेल. १८९५-९६ मध्ये अमीर अब्दुर रहमानने हा प्रदेश जिंकून तेथील लोकांना मुसलमान केले, त्यानंतर ते नाव बोचरे झाले आहे, म्हणून आपल्या वहीत ते वापरू नये.

प्रत्येक शब्दापुढे बोलणाऱ्याचे गाव आधी लिहावे. त्यानंतर ‘च’कडे लक्ष द्यावे. मराठी माणसाला येथे मोठा फायदा आहे, कारण ‘चाक’मधला दंत्य च आणि ‘चार’मधला तालव्य च यांतला फरक त्याच्या कानात मुरलेला असतो. प्रसूनमध्ये हे दोन्ही च आहेत, शिवाय जीभ मागे वळवून काढलेला तिसराही आहे. मराठी लिपी मात्र हा फरक दाखवत नाही. म्हणून दंत्य उच्चारासाठी, काश्मिरीच्या देवनागरी लेखनात करतात तसा, नुक्ता म्हणजे अक्षराखाली टिंब देऊन ‘च़’ लिहावा, तिसऱ्यासाठी वेगळी खूण ठरवावी आणि वहीच्या पहिल्याच पानावर या खुणांचा खुलासा करावा.

ओळखीचा वाटणारा शब्द संस्कृतच्या वळणाने ‘दुरुस्त’ करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. संस्कृत ‘दश’, शेजारच्या कती भाषेत ‘दुच़’, पण प्रसूनमध्ये ‘लेज़े’: येथे आरंभीच्या द चा ल झालेला आहे, आणि भाषेचा इतिहास अशाच जागी हाती लागतो.

सर्वांत जास्त वेळ दिशांना द्यावा. खोऱ्यात राहणाऱ्यांच्या या भाषेत नदीच्या वरच्या अंगाला, खालच्या अंगाला, चढावर, उतारावर, पलीकडे असे बारकावे क्रियेला जोडून येतात; त्यामुळे ‘गेला’ एवढाच सुटा शब्द विचारल्यास उत्तर अपुरे मिळते. माणूस कोठून निघाला, नदी कोणत्या बाजूला होती, हे सांगून पूर्ण वाक्य विचारावे आणि शेजारी खोऱ्याचा छोटा नकाशा काढून त्यावर बाण दाखवावा.