तुमचा अभ्यास जीआरपर्यंत कसा न्यायचा? गडचिरोलीचं उदाहरण घेऊन

संस्थेत काम करणारे, एमएसडब्ल्यू करणारे बरेच जण मेहनतीने सर्व्हे करतात, रिपोर्ट बाइंडिंग करून कलेक्टर ऑफिसला देऊन येतात आणि पुढे काहीच होत नाही. माझं मत असं की बरंचसं काम रिपोर्ट लिहायच्या खूप आधी बिघडलेलं असतं. उदाहरण घेऊया गडचिरोलीच्या 'सर्च'चं, म्हणजे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेचं, कारण नवजात बाळांवरचा तिथला अभ्यास खरोखर देशभरच्या आशाताईंच्या कामात उतरला.

सगळ्यात आधी मोजणी पक्की करा. बाळ जन्मून दोन-तीन दिवसांत गेलं तर घरचे सहसा कुठे सांगत नाहीत, रजिस्टरमध्ये नोंद होत नाही, मग तुमचा आकडा आणि सरकारी आकडा जुळत नाही आणि पहिलं भांडण तिथेच होतं. म्हणून नोंदी एकाने ठेवायच्या आणि सहा महिन्यांनी दुसऱ्याच माणसाने घरोघर जाऊन त्या तपासायच्या. वेळ जातो, पण यात काटकसर करू नका.

मग तुलना, आणि आपल्याकडे नेमकी हीच राहते. "आम्ही काम केलं आणि मृत्यू कमी झाले" एवढ्यावर कोणताही सेक्रेटरी विचारणार की तीन वर्षांत रस्ता झाला, एसटी आली, पाऊस चांगला झाला, त्यामुळे कमी झाले नसतील कशावरून? गडचिरोलीत 39 गावांत काम केलं आणि 47 गावं तुलनेसाठी ठेवली. 1993 ते 95 नुसतं निरीक्षण, 1995 ते 98 घरोघरी सेवा. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्के कमी निघाला आणि 1999 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ती 47 गावं नसती तर हा आकडा कोणी मानला नसता.

उपाय कोणाच्या हातून होणार हेही सुरुवातीलाच ठरवा. तिथे आरोग्यदूत म्हणजे गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायका, हातात वजनकाटा, थर्मामीटर, बाळाला उबदार ठेवायची पिशवी. स्पेशालिस्ट डॉक्टर लागणारा उपाय कितीही चांगला असला तरी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) डॉक्टर नसेल तर तो कागदावरच राहतो.

पुढचा आक्षेप ठरलेला, "हे तुमच्याकडेच जमतं, तुम्ही बंग आहात म्हणून". त्याला उत्तर एकच, दुसऱ्यांना करून बघू द्या. 'अंकुर' प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी तेच काम आपापल्या भागात केलं, नंतर आयसीएमआरने, म्हणजे केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, पाच राज्यांत चाचणी घेतली.

आणि धीर धरा हो! 1999 चा पेपर, आशांनी घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायचा राष्ट्रीय कार्यक्रम 2011 मध्ये, मधे बारा वर्षं. 2005 मध्ये एनआरएचएम (राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान) आलं आणि गावोगावी आशा नेमल्या गेल्या तेव्हा हे काम द्यायला सरकारकडे माणूस तयार झाला. अशी संधी कधी येईल सांगता येत नाही, पण आली की आपला कागद तयार हवा. एकच पान, मराठीत, समस्या काय, उपाय काय, एका बाळामागे खर्च किती, कोण करणार. जिल्ह्याचा पीआयपी, म्हणजे आरोग्याचा वार्षिक आराखडा, बनत असतो तेव्हा हा कागद डीएचओंच्या (जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या) टेबलावर पाहिजे, बजेट होऊन गेल्यावर नाही.

सरकार उपाय उचलताना त्यातलं काहीतरी गळतंच. गडचिरोलीत आरोग्यदूत जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शनही द्यायच्या, राष्ट्रीय कार्यक्रमात तो भाग तसाच्या तसा आला नाही. म्हणून चर्चेला बसण्याआधी ठरवून ठेवा, काय सोडलं तर चालेल आणि काय सोडलं तर परिणामच जाईल.

जीआर निघाला की परत मोजायला लागा. आशाच्या भेटी ठरलेल्या आहेत, 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी, घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. त्या सगळ्या खरंच होतात का, वजन काट्यावर घेतात की अंदाजे लिहितात, आशाताईला एका बाळाच्या या भेटींचे 250 रुपये वेळेवर मिळतात का, हे दोन-चार गावांत जाऊन बघा आणि त्याच ऑफिसला परत कळवा.