ठाण्यात बसून लॉर्ड ऑफ द रिंग्स पुरतं पचवायचं असेल तर

आधी हॉबिट वाचा, त्याच लेखकाचं म्हणजे टोल्किनचं 1937 चं पुस्तक आहे, छोटंसं, ठाणे-सीएसएमटी स्लो लोकलमध्ये बसायला जागा मिळाली (मिळाली तर!) तर भराभर संपतं. मग लॉर्ड ऑफ द रिंग्सचे तीन भाग. सुरुवातीची शंभरेक पानं रटाळ वाटतील, चालतंय, नेटाने पुढे जा. पुस्तकातल्या नकाशाचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा, गर्दीत दर वेळी मागची पानं कोण उलटणार.

आता महत्त्वाचं. पहिला भाग वाचला की लगेच पहिला पिक्चर लावायचा मोह होतो, तो आवरा. कारण बोरोमिर या पात्राचं जे होतं ते पुस्तकात दुसऱ्या भागाच्या पहिल्याच चॅप्टरमध्ये आहे आणि पिक्चरवाल्यांनी ते पहिल्याच्या शेवटी उरकलंय, म्हणजे मजा गेली ना राव. उलट त्या भल्यामोठ्या कोळी किड्याची (मादी आहे ती) गुहा पुस्तकात दुसऱ्या भागात येते पण पिक्चरमध्ये थेट तिसऱ्यात, त्यामुळे तिन्ही भाग वाचून मगच बघायला बसा.

बघायचे तर एक्स्टेंडेड व्हर्जनच, म्हणजे जास्तीचे सीन असलेलं. तिन्ही मिळून 11 तासांच्या वर जातात, तेव्हा घोडबंदरला राहणाऱ्या मित्रांना सकाळी आठलाच बोलवा, नाहीतर ट्रॅफिकचं कारण सांगून दुपारी उगवतात. मधल्या ब्रेकला मामलेदारची मिसळ पार्सल, मीडियम तिखट.

पुस्तकातला टॉम बॉम्बाडिल पिक्चरमध्ये शोधत बसू नका, त्याला घेतलेलंच नाहीये. हॉबिटचे तीन पिक्चर (2012 ते 14) मात्र सगळ्यात शेवटी, तेही वेळ असेल तरच, एवढ्याशा पुस्तकाला फारच ताणलंय.