आयर्विनचं पाणी वाढलं की सर्व्हरही आपोआप वाढायला हवेत: टेराफॉर्ममध्ये लॉन्च टेम्प्लेट कसं लिहायचं

सांगलीत पावसाळ्यात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलंय. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर गेलेलं पाणी ज्यांनी बघितलंय त्यांना हे आकडे पाठ आहेत. आम्ही तिघं-चौघं मिळून पाणीपातळी दाखवणारं एक साधं पेज चालवतो. वर्षातले दहा महिने त्याला दोन छोटे सर्व्हर आरामात पुरतात, पण कोयना धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की सांगलीतल्या सूर्यवंशी प्लॉट, काकानगरपासून पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या पोरांपर्यंत सगळे एकदम पेज उघडतात. रात्री दोनला सामान माडीवर चढवायचं का नाही हे ठरवत बसलेल्या माणसाला ते पेज उघडलंच पाहिजे, त्यात तडजोड नाही.

अशा ठिकाणी ऑटो स्केलिंग लागतं, म्हणजे गर्दीप्रमाणे सर्व्हर आपोआप वाढणं-कमी होणं. एडब्ल्यूएसवर, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवर, याचे दोन भाग असतात, ऑटो स्केलिंग ग्रुप सांगतो की सर्व्हर किती हवेत, आणि लॉन्च टेम्प्लेट सांगतं की तो सर्व्हर कसा हवा, म्हणजे कुठली इमेज (सर्व्हरची तयार प्रत, एडब्ल्यूएसवर तिला एएमआय म्हणतात), केवढं मशीन, कुठली डिस्क, चालू झाल्या झाल्या काय काय करायचं. लोक सगळं लक्ष पहिल्या भागावर देतात, माझ्या मते खरं काम दुसऱ्यात आहे. कारण नवीन सर्व्हर उठतो तेव्हा त्याच्याजवळ कुणी नसतं. काही राहिलं असेल तर लॉगिन करून दुरुस्त करू म्हणायला माणूस जागा नसतो, त्याला लागणारं सगळं आधीच लिहून ठेवलेलं पाहिजे. ते आम्ही टेराफॉर्ममध्ये लिहितो, काय काय हवं ते फाइलमध्ये लिहायचं आणि अप्लाय कमांड दिली की टेराफॉर्म तसं उभं करतं.

हे आम्हाला एका पावसाळ्यात कळलं. गर्दी वाढली, ग्रुपनं दोनाचे सहा सर्व्हर केले, डॅशबोर्डवर सहाही हिरवे, आणि तरी लोकांचे फोन येत होते की पेज फिरतंय नुसतं. बघितलं तर नवीन चारही सर्व्हरवर ॲप चालूच झालेलं नव्हतं. चालू होताना एक पॅकेज बाहेरून डाउनलोड व्हायचं ते त्या रात्री झालं नाही, स्क्रिप्ट तशीच पुढं गेली, आणि ग्रुप फक्त मशीन चालू आहे का एवढंच तपासत होता. म्हणजे बिल सहाचं आणि काम दोनाचं. खाली जे सांगतोय ते त्या रात्रीनंतर परत लिहून काढलेलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. नेटवर शोधलं की लॉन्च कॉन्फिगरेशन नावाची जुनी पद्धत अजून बऱ्याच लेखांत सापडते, ती घेऊ नका. तिच्यात एकदा बनवलं की काही बदलता येत नाही, २०२२ च्या डिसेंबरनंतर आलेले नवीन इन्स्टन्स टाइप (मशीनचे प्रकार) तिला मिळत नाहीत, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून उघडलेल्या खात्यांना तर ती बनवताच येत नाही. लॉन्च टेम्प्लेटला व्हर्जन असतात, प्रत्येक बदलाला नवीन नंबर, जुनं तसंच राहतं, चुकलं तर मागं जाता येतं.

आता टेराफॉर्मच्या फाइलमध्ये लॉन्च टेम्प्लेटचा रिसोर्स (त्याचं वर्णन करणारा ब्लॉक) उघडा. नावाच्या जागी नेम प्रिफिक्स द्या म्हणजे पुढचा भाग टेराफॉर्म स्वतः लावतं आणि नावं भिडत नाहीत. मग इमेज आयडी. इथं बरेच जण "सगळ्यात ताजी एएमआय शोधून लाव" असा डेटा सोर्स, म्हणजे एडब्ल्यूएसकडून माहिती आणणारा ब्लॉक, टाकतात, सोयीचं आहे, पण मग तुम्ही एक टॅग (लेबल) बदलायला अप्लाय मारता आणि त्याच्याबरोबर इमेजपण बदलते, भर पुरात हे नको. आम्ही पॅकर या इमेज बनवायच्या टूलनं स्वतःची इमेज बनवतो, ॲप आणि त्याची सगळी पॅकेजेस आतच घालून, आणि तो आयडी व्हेरिएबलमध्ये पक्का लिहितो. बाहेरून डाउनलोड करायचा प्रश्नच संपला आणि सर्व्हर उठायचा वेळही बराच कमी झाला. इन्स्टन्स टाइप आमच्यासाठी टी३ स्मॉल, दोन जीबी मेमरी, आमच्या पेजला भरपूर झाली. टी३ मध्ये अनलिमिटेड मोड आपोआप चालू असतो, सीपीयू बराच वेळ चढलेला राहिला तर त्याचे पैसे वेगळे लागतात, हे बिल यायच्या आधी माहीत असलेलं बरं.

डिस्कचा ब्लॉक लिहिताना डिव्हाइसचं नाव नीट बघा. ॲमेझॉन लिनक्सवर रूट डिस्क एक्सव्हीडीए नावानं असते आणि उबंटूवर एसडीए१. दुसऱ्याच्या कोडमधून कॉपी केलं आणि नाव जुळलं नाही तर एरर येत नाही, मुकाट्यानं दुसरीच एक रिकामी डिस्क जोडली जाते आणि तुमची रूट डिस्क होती तेवढीच राहते, मग तुम्ही वीस जीबी मागितली तरी जागा संपल्याचे मेसेज का येतायत म्हणून डोकं धरून बसता. टाइप जीपी३ ठेवा, ३००० आयओपीएस (सेकंदाला डिस्कवर वाचायच्या-लिहायच्या खेपा) डिस्क लहान असली तरी मिळतात.

सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये, ॲपचा पोर्ट फक्त लोड बॅलन्सरच्या (येणारी गर्दी सर्व्हरांत वाटून देणाऱ्याच्या) सिक्युरिटी ग्रुपला उघडा, सगळ्या जगाला नको. एसएसएच, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचा नेहमीचा रस्ता, आम्ही उघडतच नाही, आयएएम इन्स्टन्स प्रोफाइलमध्ये (सर्व्हरला दिलेल्या परवानग्यांत) एसएसएम या एडब्ल्यूएसच्या सेवेची परवानगी दिली की सेशन मॅनेजरमधून आत जाता येतं, लॉगिनच्या चाव्या (की पेअर) सांभाळत बसायला लागत नाही. मेटाडेटा म्हणजे सर्व्हरला स्वतःची माहिती आणि परवानग्या जिथून मिळतात ती सेवा. मेटाडेटा ऑप्शन्समध्ये एचटीटीपी टोकन्सला रिक्वायर्ड लिहा, म्हणजे मेटाडेटाची दुसरी, जास्त सुरक्षित आवृत्तीच चालेल. डॉकर वापरत असाल, म्हणजे ॲप कंटेनरमध्ये चालवत असाल, तर हॉप लिमिट (मेटाडेटाचं उत्तर किती टप्पे जाऊ शकतं ती मर्यादा) दोन करा, नाहीतर कंटेनरच्या आतून सर्व्हरच्या परवानग्यांचा रोलच मिळत नाही.

मॉनिटरिंगची एक ओळ असते, ती विसरू नका. जुन्या पद्धतीत टेराफॉर्म डिटेल्ड मॉनिटरिंग स्वतःहून चालू ठेवायचं, लॉन्च टेम्प्लेटमध्ये ते तुम्हाला सांगावं लागतं. नाही सांगितलं तर सीपीयूचा आकडा पाच मिनिटांनी एकदा येतो, सांगितलं तर मिनिटाला. गर्दी वाढलीय हेच पाच मिनिटांनी कळलं आणि त्यानंतर सर्व्हर उठायला लागला तर तोपर्यंत लोक पेज बंद करून व्हॉट्सॲपवरच्या अफवा वाचायला लागलेले असतात.

यूजर डेटा म्हणजे पहिल्यांदा उठताना चालणारी स्क्रिप्ट. लॉन्च टेम्प्लेटला ती बेस६४ या एन्कोडिंगमध्येच द्यायला लागते, टेराफॉर्मचं बेस६४ एन्कोडचं फंक्शन तुम्ही स्वतः लावायचं. साइज १६ केबीच्या आत. पहिल्या ओळीत बॅशचा शिबँग (#!/bin/bash) पाहिजेच, आणि फाइल विंडोजवर सेव्ह केलेली असेल तर ओळींची शेवटं लिनक्सवाली आहेत ना बघा, डोळ्याला काही दिसत नाही पण स्क्रिप्ट चालत नाही. दुसऱ्या ओळीत सेट मायनस ई लिहा म्हणजे एक कमांड फसली की स्क्रिप्ट तिथंच थांबेल, आमच्यासारखी पुढं जाणार नाही. पासवर्ड यात कधीही लिहू नका, ते टेराफॉर्मच्या स्टेट फाइलमध्येसुद्धा (टेराफॉर्म स्वतःची नोंद ठेवतं तिथं) जाऊन बसतात. काय झालं ते बघायला सर्व्हरवरचा क्लाउड इनिट आउटपुटचा लॉग वाचायचा, नव्वद टक्के उत्तरं तिथं सापडतात.

टॅग्सबद्दल थोडक्यात, टेम्प्लेटला लावलेले टॅग टेम्प्लेटलाच राहतात, सर्व्हरला आणि डिस्कला हवे असतील तर टॅग स्पेसिफिकेशन्स वेगळे लिहा.

आता ग्रुप. टेम्प्लेटचा आयडी दिला आणि व्हर्जन दिलंच नाही तर तो डिफॉल्ट व्हर्जन घेतो, आणि डिफॉल्ट म्हणजे ताजं नव्हे, तुम्ही हलवलं नाही तर ते एक नंबरवरच राहतं. तुम्ही दहा वेळा बदल करा, नवीन सर्व्हर पहिल्याच टेम्प्लेटचे येत राहतील. काही जण मग डॉलर लेटेस्ट लिहितात, तेही अर्धवटच, कारण तसं लिहिलं तर टेराफॉर्मला ग्रुपमध्ये काही बदललेलं दिसत नाही आणि इन्स्टन्स रिफ्रेश (जुने सर्व्हर काढून नवीन आणणं) सुरूच होत नाही, जुने सर्व्हर जुन्याच सेटिंगवर चालत राहतात. बरोबर पद्धत म्हणजे त्या रिसोर्सचं लेटेस्ट व्हर्जन हे ॲट्रिब्यूट तिथं जोडायचं आणि इन्स्टन्स रिफ्रेशचा ब्लॉक रोलिंगवर ठेवायचा.

हेल्थ चेक टाइप ईएलबी करा, म्हणजे मशीन चालू आहे एवढ्यावर न थांबता लोड बॅलन्सरला ॲपचं उत्तर मिळतंय का हेही ग्रुप बघेल. हे केलं नव्हतं, त्या रात्रीची आमची चूक नेमकी हीच होती. पण त्याच्याबरोबर ग्रेस पीरियडही (नवीन सर्व्हरला उठायला दिलेली सवलत) बघायला लागतो, टेराफॉर्ममध्ये तो आपोआप ३०० सेकंद असतो, तुमचं ॲप उठायला त्याच्यापेक्षा जास्त वेळ घेत असेल तर ग्रुप त्याला आजारी समजून मारतो, नवीन आणतो, त्यालाही मारतो, आणि हे रात्रभर चालू राहतं.

डिझायर्ड कपॅसिटी (आत्ता किती सर्व्हर हवेत तो आकडा) कोडमध्ये लिहू नका, किंवा लिहिली तर लाइफसायकलमध्ये इग्नोर चेंजेसमध्ये टाका. नाहीतर गर्दीनं सहा सर्व्हर झालेत आणि तुम्ही कसला तरी छोटा बदल अप्लाय केलात की टेराफॉर्म प्रामाणिकपणे त्यांना परत दोनावर आणतं. प्लॅन वाचल्याशिवाय यस टाइप करू नये ते यासाठीच.

स्केलिंग पॉलिसी आमची टार्गेट ट्रॅकिंगची आहे, म्हणजे सीपीयू ५० टक्क्यांच्या आसपास राहील तसे ग्रुप सर्व्हर वाढवतो-कमी करतो. पण ती गर्दी आल्यावरच जागी होते. आपल्याला मात्र आधी माहीत असतं, कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीत पोचायला वेळ लागतो, विसर्ग वाढवल्याची बातमी आली की मिन साइज (कमीत कमी सर्व्हर) व्हेरिएबलमध्ये दोनाची चार करून आम्ही तेव्हाच अप्लाय मारतो. मशीनला न दिसणारी गोष्ट माणसाला दिसत असेल तर ती वापरावी.

आणि हे सगळं मे महिन्यात, दिवसाढवळ्या तपासा. एक चालू सर्व्हर स्वतःच्या हातानं टर्मिनेट करा, घड्याळ लावा, काहीही हात न लावता बसून राहा, आणि लोड बॅलन्सरच्या यादीत नवीन सर्व्हर हेल्दी दिसेपर्यंत किती वेळ गेला ते लिहून ठेवा. मग त्या नवीन सर्व्हरवरूनच पेज उघडून आयर्विनचा आकडा बरोबर दिसतोय का तेही बघा. आमचा सध्या २ मिनिटं ४० सेकंदांत येतोय, जून लागायच्या आत तो दोनाच्या खाली आणायचाय.