लाकडाला लावायचं तेल किती आणायचं? अंदाज काढताना या चुका टाळा

लाकडी कुंपणाला तेल लावताना अर्धं कुंपण झालं आणि डबा संपला, तर आधी मोजमाप पुन्हा तपासा. बहुतेक जण लांबीला उंचीने गुणतात आणि मोकळे होतात. पण ती फक्त समोरची बाजू झाली.

समजा 1.5 मीटर उंच, 100 मिमी रुंद, 20 मिमी जाड अशा 60 पट्ट्या आहेत, मध्ये 20 मिमीची फट. कुंपण साधारण 7.2 मीटर लांब, म्हणजे समोरून 10.8 चौरस मीटर. आता एकच पट्टी हातात घ्या. दोन रुंद बाजू आणि दोन कडा मिळून घेर 240 मिमी, म्हणजे पट्टीला 0.36 चौरस मीटर. साठांचे 21.6, बरोबर दुप्पट! फटींचं क्षेत्र वजा करणारे इथेच फसतात, कारण फटींत जेवढं वाचतं तेवढं कडा खातात. खांब आणि आडव्या पट्ट्या अजून धरलेल्याच नाहीत.

दुसरी गफलत डब्यावरच्या आकड्याची. ‘लिटरला 8 ते 12 चौरस मीटर’ असं लिहिलेलं असेल, तर 12 हा आकडा रंधा मारलेल्या गुळगुळीत लाकडाचा आणि तोही एका हाताचा. करवतीचं खरखरीत किंवा उन्हाने करडं पडलेलं लाकूड याच्या दुप्पटही पितं. म्हणून अंदाज बांधण्यापेक्षा चाचणी घ्या: त्याच लाकडावर एक चौरस मीटर खडूने आखा, 250 मिली मोजून घ्या, ब्रशने लावा, उरलेलं पुन्हा मोजा. 140 मिली गेलं, तर वर मोजलेल्या 60 पट्ट्यांना पहिल्या हाताला 3 लिटर लागेल. वाळल्यावर तिथेच दुसरा हात द्या; तो बहुधा कमी पितो. 90 मिली लागलं तर आणखी 2 लिटर. कापलेली टोकं तेल अक्षरशः शोषतात, ब्रशलाही थोडं जातं, म्हणून वर दहा टक्के धरा. एकूण साडेपाच लिटर.

फुटांत मोजून मीटरचं लेबल वाचू नका. एक चौरस मीटर म्हणजे 10.76 चौरस फूट.

डबा कमी पडतोय म्हणून वाळवी-बुरशीपासून लाकूड वाचवणारं औषध (प्रिझर्व्हेटिव्ह) पातळ करून पुरवणं ही सगळ्यांत महागडी काटकसर. तिथे दर चौरस मीटरला ठरलेलं औषध लाकडात मुरणं महत्त्वाचं. लाकूड ओलं दिसलं म्हणजे मात्रा गेली असं नव्हे. उलट, फारच कमी तेल लागत असेल तर खुश होऊ नका. लाकूड ओलं असेल किंवा जुनं पॉलिश खाली राहिलं असेल. थेंबभर पाणी टाकून बघा: तसंच गोळा होऊन राहिलं, तर तेलही आत जाणार नाही.

रंगीत तेल असेल तर सगळे डबे एकाच बॅचचे घ्या आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. नंतर आणलेल्या डब्याची छटा भर कुंपणात उठून दिसते.