जुलैच्या आत पॅच

गूगलच्या समर ऑफ कोडमध्ये (मेंटॉरच्या, म्हणजे मार्गदर्शकाच्या, हाताखाली उन्हाळाभर ओपन सोर्स कोड लिहायचा उपक्रम) क्यूईएमयूचा, म्हणजे एका संगणकात दुसरा खोटा संगणक उभा करणाऱ्या प्रोग्रामचा, प्रकल्प मिळालेला पोरगा हवेत असतो. त्याला वाटतं, अख्खा उन्हाळा आहे. मेंटॉरनं पहिल्या फोनवर त्याला कॅलेंडर दाखवावं, अभिनंदन नंतर.

हिशेब असा. क्यूईएमयूच्या आवृत्त्या वर्षातून तीन, साधारण एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरात. ऑगस्टच्या आवृत्तीचा सॉफ्ट फ्रीझ जुलैतच लागतो. मग नवीन काही आत जात नाही, आणि हार्ड फ्रीझनंतर तर फक्त दुरुस्त्या. कोडिंग सुरू होतं मेच्या शेवटी किंवा जूनच्या तोंडावर. म्हणजे हातात खरे सहा-सात आठवडे.

मेंटॉर म्हणून पहिल्या वर्षी मी हे सांगितलंच नाही. इंदुरातल्या आमच्या टिळक नगरापासून दोन चौक पलीकडे राहणारा मुलगा, हुशार. प्रकल्प होता एआरएम प्रोसेसरच्या एका बोर्डला तापमानाचा सेन्सर जोडायचा (बाहेर ४२ अंश, आणि आम्ही खोटं तापमान तयार करत होतो). "ताई, पूर्ण झालं की एकदमच पाठवतो." मी हो म्हटलं. ऑगस्टमध्ये चौदाशे ओळींचा एकच पॅच (कोडमधला बदल) गेला आणि त्याला कोणी हातसुद्धा लावला नाही. चूक माझी होती.

आता मी मेमध्येच काम कापून घेते. त्याच सेन्सरचं उदाहरण घ्या: आधी नुसता सांगाडा, ज्यात रजिस्टर (सेन्सरचे आकडे ठेवायचे कप्पे) फक्त वाचता येतात. मग लिहिणं. मग क्यूटेस्टची चाचणी. मग बोर्डला जोडणी, शेवटी कागदपत्रं. प्रत्येक पॅच लावल्यावर बिल्ड (कोडचा चालता प्रोग्राम) झालंच पाहिजे, नाहीतर उद्या कोणी बायसेक्ट करताना (बिघाड कुठल्या पॅचनं आला ते शोधताना) मधेच आपटेल. पोरं शेवटचा पॅच लावून बिल्ड करतात आणि खूश होतात; त्यांना गिटमधल्या रिबेसला (पॅच पुन्हा एकेक करून बसवण्याला) एक्झेक लावून एकेक पॅच तपासायला बसवा. आणि या सगळ्याच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, काहीतरी अगदी फुटकळ पाठवायला लावा. कॉमेंटमधली चूक चालेल. साइन्ड-ऑफ-बायची सही विसरणं, कोडची शैली तपासणारं चेकपॅच न चालवणं, पॅच कोणाला पाठवायचा ते सांगणाऱ्या गेट-मेंटेनरला न विचारता भलत्यालाच पाठवणं, या सगळ्या चुका फुटकळ पॅचवर होऊन जाऊ देत.

लॅपटॉपचं थोडक्यात. बिल्डआधी चालवायच्या कॉन्फिगरला टार्गेट (कुठल्या प्रोसेसरची नक्कल हवी ते) सांगितलं नाही तर सगळीच टार्गेटं बिल्ड व्हायला लागतात, आणि नौतप्याच्या उन्हात त्या मशीनवर पोळी भाजता येईल. टार्गेट लिस्टमध्ये हवं तेवढंच द्या. इंटेलच्या लॅपटॉपवर एआरएमचं काम टीसीजीवर (नुसत्या सॉफ्टवेअरनं केलेल्या नक्कलेवर) चालतं, तिथे केव्हीएमचा (लॅपटॉपच्या प्रोसेसरचीच मदत घेण्याचा) प्रश्नच नाही. प्रकल्प केव्हीएमचा असेल तर मात्र डेव्ह-केव्हीएम ही फाइल दिसतेय का ते पहिल्या दिवशी बघा. नसेल तर बहुतेक वेळा बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असतं.

खरी काळजी गप्प बसण्याची. आपल्याकडची मुलं अडली की सांगत नाहीत, त्यांना ती बेअदबी वाटते. "कसं चाललंय?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "बढिया, ताई." म्हणून मी तसं विचारतच नाही. "शेवटची एरर जशीच्या तशी चिकटव" म्हणते. एरर नसेल तर कालपासून काय बदललं त्याचा गिट डिफ. पाऊण तास अडलास तर विचार, हा नियम. आणि मला खासगीत नाही, ओएफटीसी या चॅट नेटवर्कवर क्यूईएमयूच्या चॅनेलवर विचार. पहिल्यांदा लाजतात. मग मी शेजारी बसून प्रश्न टाइप करायला लावते, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत वगैरे.

उन्हाळ्यात पॅच तपासणाऱ्यांचं जर्मनी-फ्रान्स आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे उत्तरं दुपारनंतर येतात. सकाळी दर पाच मिनिटांनी इनबॉक्स उघडू नकोस, एवढं सांगून ठेवा. उत्तर आलं की ते कोरडं असतं. "हे चुकीचं आहे", बस्स. इथे सुपारी फोडण्याआधीसुद्धा चार गोड शब्द बोलण्याची सवय, त्यामुळे पोराचा चेहरा उतरतो. त्याला समजवा की वेळ काढून वाचलंय म्हणून लिहिलंय. प्रत्येक शेऱ्याखाली त्याचं उत्तर, पटलं नाही तर कारण. पॅचच्या दुसऱ्या आवृत्तीत काय बदललं ते पॅचमधल्या तीन रेघांच्या (---) खाली लिहायचं, म्हणजे ते कोडच्या इतिहासात शिरत नाही.

एक गोष्ट खडसावून सांगा: एआयकडून लिहून घेतलेला कोड क्यूईएमयू २०२५पासून स्वीकारत नाही. साइन्ड-ऑफ-बाय म्हणजे हा कोड द्यायचा हक्क मला आहे अशी सही. ज्याचा उगमच सांगता येत नाही त्यावर सही कशी करणार?

एवढं करूनही पॅचची मालिका जुलैत अडकली तर घाबरू नका. कोड आत गेला नाही म्हणून कोणी नापास होत नाही, मूल्यमापन मेंटॉर करतो. आवृत्ती बाहेर पडली की ट्री, म्हणजे मुख्य कोड, नव्या कामाला पुन्हा उघडतो. पण तोवर पोराचं कॉलेज सुरू झालेलं असतं, प्रॅक्टिकलं, सबमिशनं. म्हणून ऑगस्टमध्येच त्याच्याकडून सप्टेंबरातला एक रविवार मागून घ्या, पॅच नव्या कोडवर रिबेस करायला. दुपारी बसायचं, सहाच्या आत पॅच पाठवायचे, मग सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन भुट्ट्याचा कीस. बिल मेंटॉरचं.