पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. करताना इंटर्नशिप : कधी, कुठे आणि कोणत्या अटींवर

पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना इंटर्नशिपची आठवण होते ती प्रबंध लिहायला घेतल्यावर, आणि तोवर उशीर झालेला असतो. विद्यापीठाबाहेर दोन-चार महिने काम करण्याचा खरा लाभ प्रबंधाची दिशा अजून थोडी वळवता येते तेव्हाच मिळतो. आपण नदीच्या पाण्यात मोजलेला आकडा पुढे कोणाच्या टेबलावर जातो, त्यावरून कोणता कारखाना बंद होतो किंवा कोणत्या प्रकल्पाला मंजुरी मिळते, हे एकदा पाहिले की संशोधनाचे प्रश्नही बदलतात. म्हणून हे काम नोकरीच्या अर्जात एक ओळ वाढवण्यासाठी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षांचा आणि कमाल सहा वर्षांचा आहे, आणि सुरुवातीला किमान बारा श्रेयांकांचे कोर्सवर्क पूर्ण करावे लागते. कोर्सवर्क संपले आहे, आराखडा मंजूर झाला आहे आणि स्वतःच्या क्षेत्रकामाचा निदान एक हंगाम हाती आला आहे, असा टप्पा साधारण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस येतो. तिथपासून चौथ्या वर्षाच्या मध्यापर्यंतचा काळ बाहेर जाण्यास योग्य असतो. त्याआधी गेल्यास तुमच्याकडे देण्यासारखे कौशल्य नसते आणि त्यानंतर गेल्यास वेळ नसतो.

परवानगीचा भाग कंटाळवाणा आहे, पण तो आधीच उरकावा. मार्गदर्शकांची तोंडी संमती पुरेशी नाही. संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीत विषय मांडून तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा आणि विभागाकडून ना-हरकत पत्र घ्यावे. अधिछात्रवृत्ती मिळत असेल तर अधिक जपावे लागते. आयोगाच्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीत दुसरीकडून वेतन किंवा मानधन घेण्यास मनाई आहे. सारथी, बार्टी किंवा महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती घेणाऱ्यांनी आपापल्या संस्थेला लेखी विचारून लेखी उत्तर मिळवावे आणि बाहेरच्या काळातील उपस्थिती कोण प्रमाणित करणार हेही ठरवून घ्यावे. मानधन घेता येत नसेल, तर प्रवास आणि निवासाचा प्रत्यक्ष खर्च देण्याची विनंती संस्थेला करता येते. मात्र त्याबाबतही अधिछात्रवृत्तीचा नियम आधी वाचावा.

आता जागांविषयी. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी), पुण्याची उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था (आयआयटीएम), गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था ही नावे प्रत्येकाला ठाऊक असतात आणि तिथे अर्जही पुष्कळ जातात. तिथले काम उत्तम असते, परंतु ते विद्यापीठातील कामाच्या जवळचे असते. एखादे विशिष्ट उपकरण किंवा प्रारूप (मॉडेल) शिकायचे असेल तरच तिकडे जावे. तुमच्या शहरातील महानगरपालिकेचा पर्यावरण विभाग मात्र सहसा कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. महानगरपालिकांना दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो. त्यासाठी पाणी, हवा, कचरा आणि वृक्ष यांची माहिती वेगवेगळ्या खात्यांतून गोळा करून ती पडताळावी लागते आणि अशा कामाला शिकलेला माणूस हवाच असतो. फेब्रुवारीत अर्ज करून मार्च ते जून तिथे काम केले, तर विखुरलेल्या, अपूर्ण आणि कधीकधी परस्परविरोधी आकड्यांतून शहराचे चित्र कसे उभे करतात हे शिकता येते.

कंपन्यांतील संधीही गेल्या काही वर्षांत वाढल्या आहेत. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा तपशीलवार अहवाल सक्तीचा केला. पाण्याचा ताळेबंद आणि हरितगृह वायूंची मोजदाद हे त्यातील महत्त्वाचे भाग आहेत. शिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती असलेल्या उद्योगांना दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत फॉर्म पाचमधील पर्यावरण विवरण भरावे लागते. जल किंवा कचरा व्यवस्थापनावर संशोधन करणाऱ्याने चाकण, तळोजा किंवा तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात जुलै ते सप्टेंबर काम केले, तर हे विवरण तयार होताना जवळून पाहता येईल.

सर्वांत जास्त शिकायला मिळते ते पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन करणाऱ्या सल्लागार संस्थांत, असा माझा अनुभव आहे. या कामाचा पाया केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना आहे. प्रकल्पाभोवतीच्या, साधारणपणे दहा किलोमीटर परिसरातील, हवा, पाणी, माती, आवाज आणि जैवविविधता यांची मूळ स्थिती एका हंगामात नोंदवावी लागते, आणि तो हंगाम पावसाळ्याचा चालत नाही. त्यामुळे ऑक्टोबर ते मे या काळात या संस्थांना क्षेत्रकामासाठी माणसांची गरज असते, तर जून ते सप्टेंबर अहवाल लेखनाचे काम अधिक असते. क्षेत्रकाम शिकायचे असेल तर अर्ज ऑगस्टमध्येच जायला हवा. मे महिन्यात सुट्टी लागल्यावर केलेला अर्ज हंगाम संपल्यावर पोहोचतो. अशा सल्लागार संस्थांना मान्यता देणाऱ्या नॅबेट या राष्ट्रीय मंडळाची मान्यता संस्थेला आहे का आणि तुमच्या विषयाचा मान्यताप्राप्त तज्ज्ञ तिथे प्रत्यक्ष बसतो का, हे आधी विचारावे, कारण तुम्ही शिकणार आहात ते त्या तज्ज्ञाच्या हाताखाली.

अशा ठिकाणी काय शिकायला मिळते, त्याचे एकच उदाहरण देतो. पाण्यातील जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (बीओडी), म्हणजे त्यातील सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीव वापरतात तो ऑक्सिजन, अनेक पाठ्यपुस्तकांत वीस अंश तापमानाला पाच दिवसांची असते. आपल्याकडे सांडपाण्याच्या तपासणीत ती सत्तावीस अंशांना तीन दिवसांची धरतात. तीनशे मिलिलिटरची बाटली काठोकाठ भरून, बुचाखाली हवेचा एकही बुडबुडा राहणार नाही अशी बंद करायची आणि इनक्युबेटरमध्ये ठेवायची. गुरुवारी संध्याकाळी सहाला लावलेल्या बाटल्यांचे वाचन रविवारी संध्याकाळी सहाला येते, आणि त्या वेळी कोणीतरी हजर असावेच लागते. नमुना कोणी घेतला, बर्फाच्या पेटीतून किती वाजता आला, उपकरणाचे अंशशोधन शेवटचे कधी झाले, हे सर्व नोंदवहीत सहीनिशी असते, कारण नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी लिटरला तीस मिलिग्रॅमची मर्यादा असताना आकडा अडतीस आला, तर तो उद्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातील खंडपीठापुढे मांडला जाऊ शकतो. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत शंकास्पद वाचन आपण पुन्हा घेतो. इथे मूळ वाचन खोडता येत नाही, त्यावर एक रेघ मारून शेजारी कारण लिहावे लागते. ही शिस्त अंगी बाणली की स्वतःच्या प्रबंधातील नोंदींकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

अर्जाचे पत्र लहान असावे आणि त्यात तुम्ही काय करू शकता हे पहिल्या तीन ओळींत यावे. 'मी पर्यावरणशास्त्राचा संशोधक विद्यार्थी असून मला आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळावी' या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे : 'मी मुळा-मुठेच्या गाळातील जड धातूंवर काम करतो. नमुने घेणे, आम्लात विरघळवणे आणि अणुशोषण वर्णपटमापीवर वाचन घेणे मी स्वतंत्रपणे करू शकतो. नोव्हेंबर ते जानेवारी मी पूर्ण वेळ उपलब्ध असून विद्यापीठाचे ना-हरकत पत्र सोबत जोडले आहे.' पत्र मनुष्यबळ विभागाला पाठवावेच, पण त्याची प्रत ज्यांच्या हाताखाली काम करायचे आहे त्या विषयतज्ज्ञालाही द्यावी. दोन आठवड्यांनी एकदा दूरध्वनी करण्यात संकोच बाळगू नये.

रुजू होण्यापूर्वीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे माहितीवरील हक्काचा लेखी करार. मी स्वतः विद्यार्थिदशेत एका संस्थेत चार महिने भूजलाचे नमुने तपासले, रुजू होताना पुढ्यात आलेल्या गोपनीयतेच्या कागदावर न वाचता सही केली, आणि नंतर त्यातला एकही आकडा प्रबंधात वापरता आला नाही. हिवाळ्याचा संपूर्ण हंगाम वाया गेला आणि पुढच्या वर्षी त्याच तालुक्यात पुन्हा विहिरी शोधत हिंडावे लागले. म्हणून कोणती माहिती प्रबंधात वापरता येईल, प्रकल्पाचे आणि गावाचे नाव वगळून ती देता येईल का, आणि लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी संस्था किती दिवसांत वाचून देईल, हे तीन प्रश्न कागदावर सोडवावेत. शेवटच्या प्रश्नाला मुदत हवीच, तीस दिवसांची मागावी, नाहीतर लेख वर्षभर पडून राहतो. करारावर मार्गदर्शकांचीही सही असावी.

सुरक्षिततेबाबत भीड बाळगू नये. धुराड्यावर चढून वायूचे नमुने घ्यायचे असतील तर सुरक्षापट्टा आणि उंचीवरील कामाचे प्रशिक्षण मागावे. सांडपाण्याच्या बंद टाकीत विषारी वायू साचतो, तिथे विद्यार्थ्याने उतरूच नये. अपघात विमा कोणाचा आहे, हे रुजू होण्याआधी विचारावे. अभयारण्यात काम असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि तिला महिने लागू शकतात. ती संस्थेच्या नावाने असल्यास त्यात तुमचे नाव आहे का हे स्वतः वाचून पाहावे.

परदेशी जाण्याची इच्छा असणाऱ्यांनी ऑस्ट्रियातील लाक्सेनबुर्ग येथील आयआयएएसए या उपयोजित प्रणाली विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा उन्हाळी कार्यक्रम अवश्य पाहावा. तो १९७७ पासून चालू असून जून ते ऑगस्ट असे तीन महिने पीएच.डी.चे विद्यार्थी तिथल्या शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली स्वतःच्या प्रश्नावर काम करतात. फुलब्राइट-नेहरू अधिछात्रवृत्तीतून अमेरिकेत सहा ते नऊ महिने जाता येते. मात्र वनस्पती, सूक्ष्मजीव किंवा अन्य जैविक नमुने बॅगेत टाकून नेऊ नयेत. त्यांना जैविक विविधता कायदा, २००२ लागू होतो आणि त्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे आधी चौकशी करावी लागते.

काम संपताना मिळणारे प्रमाणपत्र बहुधा दोन ओळींचे असते. त्याचा मसुदा तुम्हीच करून द्यावा आणि त्यात कालावधी, वापरलेली उपकरणे, तपासणीच्या पद्धती आणि ज्या अहवालांत तुमचा सहभाग होता त्यांचे स्वरूप नमूद करावे. निरोप घेण्यापूर्वी कराराने मान्य असलेल्या माहितीची प्रत लेखी पोच देऊन ताब्यात घ्यावी, कारण संगणकावरील तुमचे खाते बहुधा त्याच संध्याकाळी बंद होते.